२८ च का?

पुण्यातल्या अभ्यासिकांमधून दरवर्षी एकच मागणी उठते: वयोमर्यादा वाढवा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८, मागासवर्गीयांसाठी ४३. जाहिराती लांबतात, पोरांची वर्षं फुकट जातात, तेव्हा चिडणं रास्तच आहे. पण घासाघीस चालते ती आकड्यावर. त्या कामाला तो आकडा लागतो कशाला, हे सरकारला कुणी विचारत नाही.

मी फ्रँकफर्टला राहतो. इथल्या अग्निशमन दलाच्या भरतीत तिशीची अट होती. एक उमेदवार त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० मध्ये हरला. पंचेचाळीस-पन्नाशीनंतर आगीत शिरून माणसं बाहेर काढण्याची ताकद फार थोड्यांत उरते, असा वैद्यकीय पुरावा सरकारने दिला होता. उशिरा घेतलेला माणूस त्या कामाला किती वर्षं पुरणार? मला हा निकाल पटतो. स्पेनमधल्या ओव्हिएदो शहराच्या पोलीस भरतीतही ३० चीच अट होती, ती मात्र त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये उडवली. अंगबळ हवं तर शारीरिक चाचणी आहेच की! दोन वर्षांनी स्पेनमधल्याच बास्क प्रदेशाच्या पोलिसांची ३५ ची अट टिकली, कारण तिथे कामाचं स्वरूप आणि दलाचं वाढतं वय सरकारने पुराव्यानिशी मांडलं.

आता आपली पोलीस शिपाई भरती घ्या. खुल्या प्रवर्गाला २८. पोरं उजाडायच्या आत ग्राउंडवर: १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. गुण घड्याळ आणि टेप ठरवतात. मग तिशीतला गडी तेवढ्याच वेळात धावून आला, तर अडलं कुठे? सरकारकडे उत्तर असेलही, पण ते जाहिरातीत छापा ना.

अपंगत्वाबाबत मात्र आपल्याकडे कारण द्यावं लागतं. दिव्यांगांना डावलायचं तर हेतू रास्त आणि उपाय प्रमाणात असल्याचं दाखवा, असं २०१६ चा कायदा सांगतो. दृष्टिहीनांना न्यायाधीशपदापासून लांब ठेवणारा मध्य प्रदेशचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. वयाच्या बाबतीत असा कायदाच नाही.

इकडे जर्मनीतही सगळं आलबेल आहे असं नाही. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाच टक्के जागा तीव्र अपंगत्व असलेल्यांना द्यायच्या, नाहीतर सरकारकडे पैसे भरायचे. अनेक कंपन्या पैसे भरून मोकळ्या होतात. भरणा केला म्हणून कर्तव्य सुटत नाही, हेही कायद्यात लिहिलंय, वाचतो कोण!