माळ्यावरच्या अँप्लिफायरचं काय करायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझा १९८०च्या आसपासचा अँप्लिफायर दुरुस्त केल्याचं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, 'कोकणात खारी हवा सगळं खाते, असल्या डब्यावर पैसे घालणं म्हणजे पाण्यात टाकणं. करायचाच होता तर आत ब्लूटूथ का नाही बसवलंत? लोकांना भावनेपोटी खर्चात पाडू नका.' आणि जाता जाता हेही सांगितलंत, की बाबा गेल्यापासून त्यांचा अँप्लिफायर आणि कॅसेट डेक देवगडच्या घरी माळ्यावर आठ वर्षं पडून आहेत. या शेवटच्या वाक्यासाठी एवढं लांब लिहितोय.

खर्चाचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी लेखात लपवायला नको होतं. पहिल्या दुरुस्तीत मी फसलो. मेकॅनिकने आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या टोकाला, नवे टू-एन-३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर घातले. ऐन चतुर्थीत, आरती चालू असताना 'भों' झालं आणि एका बाजूचा वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, गेला. माझ्या सेटमध्ये आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, अडवणारा कंडेन्सर नाही. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचा डीसी थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो आणि ती करपते. मी त्या ट्रान्झिस्टरची टोपी कानशीने कापून पाहिली. आत मोहरीएवढी चिप! जुन्या अस्सल ट्रान्झिस्टरमधली तुरीच्या डाळीएवढी होती. नकली माल होता. दुसऱ्या खेपेला सुटे भाग मी स्वतः पारखून आणले, सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर १०५ डिग्री तापमान सोसणारे घातले, आणि तेव्हापासून सेट वाजतोय.

खाऱ्या हवेचं मात्र अर्धंच पटतं. ती आधी खाते ते स्विच, सॉकेट, फ्यूज होल्डर, स्पीकरची टर्मिनलं. हे सगळं साफ करता येतं किंवा बदलता येतं. खरा घात करतो तो माळा. रोज तासभर वाजणारा सेट आतून ऊबदार राहतो, त्यात ओल धरत नाही. बटणं फिरत राहिली की त्यांचे काँटॅक्ट घासून साफ राहतात. आणि कंडेन्सरला व्होल्टेज मिळत गेलं की त्याच्या आतला ऑक्साइडचा थर टिकतो. कौलांखाली आठ पावसाळे काढलेल्या सेटला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून मी कुणालाही आधी एकच विचारतो: हा घरात वाजणार आहे का? वाजणार असेल तर दुरुस्त करा. नसेल तर या आगोटीच्या आधी विका, 'बंद आहे' असं स्पष्ट सांगून.

ब्लूटूथ आत न बसवण्याचं कारण साधं आहे. पत्र्याच्या पेटीत सिग्नल कोंडतो, त्याच सप्लायवर स्वस्त बोर्ड जोडला तर स्पीकरमध्ये कुईं ऐकू येते, आणि पॅनेलला पाडलेलं भोक बुजत नाही. माझ्या सेटला मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट आहे. त्यातल्या ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर डावा-उजवा आवाज आणि २ वर ग्राउंड, अशी एक केबल केली. ब्लूटूथ रिसीव्हर त्या केबलला जोडून बाहेरच राहतो. उद्या सेट विकायचा झाला तर केबल काढली की मूळ सेट जसाच्या तसा. जुन्याचे शौकीन पैसे मोजतात ते यालाच.

आता तुमचा सेट. गावी गेल्यावर थेट प्लग लावून बघू नका, ही कळकळीची विनंती. ओळखीच्या वायरमनला सांगून १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटकडे जाणारी वीज बल्बमधून जाईल असा, लावून घ्या. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आशा आहे. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ट्रान्सफॉर्मरला करपल्याचा वास येत असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर खर्चात पडलो नसतो. तो रिवाइंड करून, म्हणजे तार नव्याने गुंडाळून, मिळतो, पण तेवढा जीव त्या सेटवर हवा.

डेकचे आतले रबरी बेल्ट एव्हाना डांबरासारखे विरघळले असतील. नुसत्या हौसेसाठी तो उघडू नका. पण बाबांच्या कॅसेटी तिथेच आहेत का? त्यांत कुणाचं भजन, कुणाचं बोलणं, त्यांचा स्वतःचा आवाज भरलेला आहे का? असेल तर अँप्लिफायर राहू दे, आधी डेक दुरुस्त करून घ्या. बुरशी दिसणारी कॅसेट तशीच आत घालू नका, टेप वाचणाऱ्या हेडला घाण बसते आणि टेप गुंडाळली जाते. आधी मला फोटो पाठवा.