लायसनचं रिन्युअल

"काय रे, लायसन रिनोव्हेट करूलालास म्हणे?" बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकांनी कट्ट्यावरूनच विचारलं.

"काका, रिनोव्हेट घर करतात. लायसन रिन्यू करतात."

"दोन्हीला पैसे जातात न्हवं? मग एकच की!"

काकांचं अगदीच चूक नाही. दोन्ही शब्दांचं मूळ एकच: नवं. लॅटिनमधला 'नोव्हस' आणि आपला 'नव' हे तर जुने भाऊबंद. पण वाटण्या झाल्या तेव्हा भिंती आणि फरशा रिनोव्हेशनकडं गेल्या, आणि मुदत संपणारं सगळं रिन्युअलच्या गळ्यात पडलं: लायसन, विमा, वाचनालयाची वर्गणी. वाचनालयाचं पुस्तक रिन्यू केलं म्हणून त्यात नवं काय होतं? मागच्या वाचकाच्या चहाचा डाग जिथल्या तिथं. तारखेचा शिक्का तेवढा ताजा.

माझं लायसन २००५ सालचं, मुदत २० वर्षं. बाविशीत २० वर्षं म्हणजे जन्मभर असं वाटतं. आरटीओच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "अवधी मुगीतु." अवधी आपलाच, मुगीतु म्हणजे संपला. बाई लायसनबद्दलच बोलत होत्या, तरी पोटात गोळा आला. समोरच्या कन्नड फॉर्मवर 'नवीकरण' होतं. आपण नूतनीकरण म्हणतो, त्यांनी एक अक्षर वाचवलंय. सीमाभागात इतक्या थोडक्यात मिटणारा फरक दुसरा नसेल.

चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म एक-ए. तो मी नेलाच नव्हता. "नाळे बर्री," बाई म्हणाल्या. उद्या या. मला आठवलं, कर्नाटकात एके काळी लोक दारावर 'नाळे बा' लिहून ठेवायचे. रात्री दार ठोठावणारं भूत ते वाचून मागं फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायचं. दुसऱ्या दिवशी मी दाखला नेला, पण जुनं लायसन घरी राहिलं. तिसऱ्या दिवशी त्या भुताबद्दल मला मनापासून कणव वाटली.

शेवटी कार्ड आलं, पुढच्या १० वर्षांचं. जुन्यावर इंग्रजीत 'बेलगाम' होतं (गाडी चालवायच्या परवान्यावर हा शब्द इतकी वर्षं कसा खपला देव जाणे!). नव्यावर 'बेळगावी'. गावाचं रिन्युअल १ नोव्हेंबर २०१४ लाच झालेलं, तेही डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय. आमच्या घरात ते आधीही बेळगाव होतं, आताही बेळगावच आहे.

दोन्ही कार्डं काकांपुढं ठेवली. जुन्यावर दाट केसांचा, छाती काढून बसलेला पोरगा. नव्यावर त्याचा निवृत्त मामा. काकांनी चष्मा पुसला, एकदा हे बघितलं, एकदा ते.

"मी तेव्हाच बोललो होतो," ते म्हणाले, "रिनोव्हेट कर म्हणून."