कशाचा रिपोर्ट नॉर्मल?

आज 4 मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. एमआयडीसीतल्या एका मोफत आरोग्य शिबिरात सकाळी साडेआठपासून मी रक्त काढत होते. घरी येऊन दोन तास झाले, घास घशाखाली उतरत नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

शंभर-सव्वाशे कामगार होते. वजन, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, डोळ्यांचा तक्ता, शेवटी केळं आणि बिस्किटाचा पुडा. साडेनऊच्या सुमाराला एक पोरगा आला, चोवीस-पंचवीसचा, चिकटपट्ट्या बनवणाऱ्या युनिटमधला. बाही वर केली तर दंडावर दोन निळे-काळे डाग. "कुठं आपटलास का रे?" "नाही ताई, असेच उठतात." सुई काढली, कापूस दाबून धरायला दिला. पुढच्या तिघांचं रक्त काढून झालं तरी ह्याचा कापूस ओलाच. मी वीसेक वर्षं हे काम करतेय. किती वेळात रक्त थांबतं हे आता घड्याळात बघावं लागत नाही.

जाता जाता तो वळला. "ताई, आमच्याकडं सोल्व्हंट असतं ना, दुपारनंतर डोकं गरगरतं. ते ह्यात दिसेल का?"

नाही दिसणार. गोंद विरघळवायचं ते रसायन ह्या तपासण्यांत कळत नाही, मी त्याला खरं ते सांगितलं. मागं उभे असलेले आयोजक पुढं आले आणि म्हणाले, "मॅडम, पोरांना घाबरवू नका."

घाबरवू नका! दिवसभर हे वाक्य डोक्यात घण घालतंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझ्या बाबांबद्दल माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा 1979 साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कंपनीत लागले. मिक्सिंग खात्यात. सुट्टी व्हायच्या आधी हाताला लागलेला रंग काढायला एका पत्र्याच्या डब्यात सोल्व्हंट ठेवलेलं असायचं. त्यात चिंधी बुडवायची आणि कोपरापर्यंत हात पुसायचे. मग साबण. घरी आले की त्यांच्या हातांना एक गोडसर वास यायचा. लहानपणी मला तो आवडायचा. बाबांचा वास म्हणजे तो, असंच वाटायचं मला.

त्या डब्यात बेंझिन होतं. जुनी माणसं त्याला बेंझॉल म्हणायची. ते श्वासातून जातं, कातडीतून जातं, आणि वर्षानुवर्षं जात राहिलं की हाडांच्या आतल्या मगजावर बसतं, जिथं आपलं रक्त तयार होतं तिथं. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. अमेरिकेनं 1987 साली कामाच्या जागी ठरवलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे. नाकाला वास जाणवेपर्यंत ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. वर नाक सरावतं ते वेगळंच.

आणि ही काय नवी माहिती आहे का? 1897 साली स्वीडनमध्ये सायकलचे टायर बनवणाऱ्या तरुण मुलींचं रक्त आटल्याची नोंद सांटेसन नावाच्या डॉक्टरांनी करून ठेवलीय. इस्तंबूलमध्ये चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होतोय, गोंदातल्या बेंझिनमुळं होतोय, हे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी 1974 साली छापलं. बाबा कामाला लागले 1979 ला. पाच वर्षं आधी! शास्त्राला ठाऊक, पुस्तकांत छापलेलं, आणि माझ्या बाबांच्या खात्यात त्याच डब्यात हात बुडवायचे.

त्यांची दरवर्षी मेडिकल व्हायची. त्याचा घरात केवढा अभिमान. "आमच्या कंपनीत सगळं तपासतात." रक्त घ्यायचे, एक्स-रे काढायचे आणि कार्डावर शिक्का मारायचे, फिट. रिपोर्ट हातात कधी दिला नाही. फक्त शिक्का.

2002 च्या गणपतीत त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. परळच्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढला आणि अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया सांगितला, म्हणजे मगज पुरेसं रक्तच तयार करत नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जुने रिपोर्ट आहेत का?" आई तीन दिवस कंपनीच्या गेटवर बसली तेव्हा कुठं सहा वर्षांच्या झेरॉक्स मिळाल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या, आकड्यांवरून पेन फिरवत गेले. दोन लाख चाळीस हजार. दोन लाख दहा. एक पंच्याऐंशी. एक सत्तर. एक बावन्न. शेवटचा अठ्ठ्याण्णव हजार. साधारण दीड लाखाच्या वर असलं की नॉर्मल धरतात. म्हणजे पाच कागद नॉर्मल. सहाव्यावरसुद्धा शिक्का फिट.

ते सहा कागद कुणी एकदा, फक्त एकदा, शेजारी शेजारी ठेवून बघितले असते तर? बाबा 2003 च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी मी लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, डीएमएलटीला, प्रवेश घेतला.

हो, बाबा बिडी ओढायचे. विडी-सिगारेटच्या धुरातही बेंझिन असतं. शंभर टक्के त्या डब्यामुळंच झालं असं कोर्टात सिद्ध करता येणार नाही, मान्य. पण मग बिडी ओढणाऱ्या माणसाला त्या डब्यापासून जास्तच लांब ठेवायला हवं होतं ना!

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येते. हिमोग्लोबिन आणि शुगर बघून सोल्व्हंट कसं कळणार? सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी, केली तर निदान प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दिसतात, पण त्या घसरलेल्या दिसतात तेव्हा मगजाला मार बसून झालेला असतो. शरीरात बेंझिन किती जातंय हे त्याआधी कळायला हवं असेल तर लघवी तपासावी लागते. यकृत बेंझिन फोडतं आणि त्याचे तुकडे लघवीतून बाहेर पडतात. त्यातला एक म्यूकॉनिक आम्ल आणि दुसरा एस-फिनाइल मर्कॅप्ट्यूरिक आम्ल. आम्ही लॅबवाले त्याला एसपीएमए म्हणतो. पहिला जरा फसवा, कारण खाण्याच्या पदार्थांत टिकवण्यासाठी घालतात त्या सॉर्बिक आम्लानंही तो वाढतो. दुसरा जास्त भरवशाचा. पूर्वी लघवीतलं फिनॉल मोजायचे, ते थोड्या प्रमाणातल्या बेंझिनला काही कामाचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. हे तुकडे काही तासांत निम्मे होतात, म्हणून नमुना पाळी सुटताना घ्यायचा असतो. आठवड्याच्या सुट्टीनंतर सकाळी ताजातवाना होऊन आलेल्या माणसाचा नमुना घेतला तर हाती काय लागणार? आणि आपली शिबिरं कधी? सकाळी साडेआठला, पाळी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे प्रॉडक्शन थांबायला नको. तिथं कुणी एसपीएमएची बाटली ठेवली असती तरी सगळ्यांचे रिपोर्ट सुंदर आले असते.

मला त्या आयोजकांचाही राग राग करायचा नाहीये. भला माणूस आहे, केळ्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले त्यानं. छोट्या कारखानदाराला प्रत्येक कामगाराची ही तपासणी परवडत नाही हेही कळतं मला. ती सगळ्या लॅबमध्ये होत नाही, आमच्याकडंही नाही, बाहेर पाठवावी लागते. पण मग निदान "सगळं तपासलं" असं म्हणू नका हो. बीपी तपासलं म्हणा. शुगर तपासली म्हणा. त्या पोरानं आज घरी जाऊन आईला सांगितलं असेल, आमच्या कंपनीत सगळं तपासतात. अगदी ह्याच शब्दांत सांगितलं असेल.

भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात कलम 41-सी आलं. घातक रसायनाशी काम करणाऱ्याच्या आरोग्याची नोंद ठेवायची आणि ती त्या कामगाराला बघायला मिळाली पाहिजे, हे त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे बाबांच्या त्या सहा कागदांवर बाबांचा हक्क होता. आई तीन दिवस उन्हात कशासाठी बसली मग? बेंझिनची विषबाधा त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होती, रोगी दिसला की डॉक्टरनं कारखाना निरीक्षकांना कळवायचं. बाबांच्या वेळी कुणी कळवल्याचं आम्हाला तरी माहीत नाही. आता कामगार कायद्यांचे नवे कोड आलेत, वर्षाला मोफत तपासणी त्यातही आहे. असू दे. कशाची तपासणी आणि कागद कुणाच्या हातात, एवढंच मी विचारतेय.

तुमच्या घरात कुणी रंग, गोंद, रबर, छपाई, पेट्रोल पंप असल्या कामावर असेल तर आज रात्रीच विचारा. ड्रमवर काय लिहिलंय? त्या पोराला माहीत नव्हतं. ड्रमवर नुसता नंबर असतो म्हणाला. टोल्युइन असेल, हेक्झेन असेल, त्यात बेंझिन मिसळलेलं असेल किंवा नसेलही. फोटो काढून आणायला सांगा. हात कशानं पुसता विचारा. आणि जुने रिपोर्ट असतील तर फेकू नका, तारखेप्रमाणे लावून ठेवा.

त्या पोराला मी विचारलं होतं, "हाताला गोंद लागला की कशानं काढता?" तो म्हणाला, "सोल्व्हंटच की ताई. डबा असतो तिथं."

पत्र्याचा डबा. चोवीस वर्षं होत आली बाबांना हिरड्यांतून रक्त यायला लागून, आणि डबा अजून तिथंच आहे.

मी त्याची एक जास्तीची जांभळ्या बुचाची ट्यूब काढून घेतली होती. पॅकेजमध्ये सीबीसी नव्हती, पैसे मी भरले. संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन मशीनवर लावली, खात्री व्हावी म्हणून स्लाइड करून दुर्बिणीखालीही बघितली. आकडा इथं लिहीत नाही, तो त्याचा आहे. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी उद्याच रक्तविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी रजा टाकलीय, त्याच्याबरोबर जाणार आहे.

फोन लावतेय, उचलत नाहीये. ओव्हरटाइमला थांबला असेल, त्यांचे मोबाइल गेटवर जमा करून घेतात. दहाला सुटतो म्हणाला होता. दहाला परत लावते.