आवाज बसलाय? छातीही तपासा

थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावली की स्वरतंतूला (घशातल्या आवाज काढणाऱ्या पट्टीला) लकवा होऊन आवाज बसतो, हे स्वरतंतूच्या लकव्यावरच्या एका लेखात नीट आलंय. पण ऑपरेशन झालेलंच नसेल तर? डाव्या स्वरतंतूची नस थेट घशात येत नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीखालून वळसा घेऊन परत वर चढते. त्यामुळे फुप्फुसातली गाठ, क्षयाने सुजलेल्या लसिकाग्रंथी, क्वचित झडपेच्या आजाराने फुगलेलं हृदयसुद्धा तिला दाबू शकतं.

आमच्या मामांना कित्येक आठवडे मिठाच्या गुळण्या आणि अँटिबायोटिक्सवरच ठेवलं होतं. पाणी पिताना ठसका लागतो का, हे कुणी विचारलंही नाही. शेवटी दुर्बिणीतून पाहिल्यावर कळलं की डावा तंतू हलतच नाही. मग कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन. आवाज महिनाभर बसलेला असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्याच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तेवढंही थांबू नये.

नस आपोआप सुधारते का, यासाठी सहसा सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात. तोवर स्पीच थेरपी असतेच, शिवाय हायलुरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन तंतू मध्यभागी सरकवता येतो. ते काही महिन्यांत विरघळतं. कायमचा उपाय थायरोप्लास्टी, म्हणजे तंतू कायमचा मध्यभागी सरकवणारं ऑपरेशन; ती बऱ्याचदा फक्त गळा बधिर करून करतात, म्हणजे रुग्णाला मध्येच बोलायला लावून आवाज जुळवता येतो. (मामा टेबलावर मोठ्याने आकडे मोजत होते म्हणे!)

दोन्ही तंतू अडकले तर मात्र आवाज बरा राहतो आणि श्वास कोंडतो. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टी ऐकू आली तर अपॉइंटमेंट वगैरे नको, थेट कॅज्युअल्टी गाठा.