टास्कबार लावल्याने मॅक बिघडत नाही

मॅकच्या पडद्यावर अ‍ॅपच्या चिन्हांची पट्टी असते, ती डॉक. उघड्या विंडो एकेक करून दाखवणारी पट्टी म्हणजे टास्कबार; ती वेगळं अ‍ॅप टाकून लावावी लागते. मॅक वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘टास्कबारची अ‍ॅप टाकू नका. डॉकमध्ये सगळं असतंच. ही अ‍ॅप सिस्टिमच्या फाइलींत हात घालतात आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतात, म्हणजे हेरगिरीच.’ तो वाचून लोक हातातली सोय सोडून देताहेत, म्हणून हे लिहिते आहे.

डॉकमध्ये सगळं असतं? नसतं. डॉक अ‍ॅप दाखवतो, टास्कबार विंडो दाखवतो. मी प्रुफं तपासते. एकाच पुस्तकाच्या पाच फाइली पेजेस या लेखनाच्या अ‍ॅपमध्ये उघड्या असतात आणि डॉकवर पाचही मिळून एक चिन्ह, त्याखाली एक ठिपका. हवी ती फाइल गाठायची तर चिन्हावर राइट क्लिक करा, यादी वाचा, निवडा. दिवसभर हेच. कमांड आणि टॅब ही बटणं एकत्र दाबली (कमांड-टॅब) तरी अ‍ॅपच बदलतं. युबार या टास्कबार अ‍ॅपसारख्या पट्टीवर ‘प्रकरण ४ दुसरं प्रूफ’ आणि ‘प्रकरण ४ लेखकाच्या दुरुस्त्या’ नावानिशी शेजारी दिसतात. जुन्या प्रुफात तासभर दुरुस्त्या केल्यावर मला या नावांची किंमत कळली.

सिस्टिमच्या फाइलींची भीती अगदीच हवेतली नाही. डॉकमध्येच कोड घुसवणारी साधनं होती, सीडॉक त्यातलंच. पण मॅकच्या २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून सिस्टिमच्या फाइलींना कुलूप आहे. रिकव्हरीत, म्हणजे मॅक दुरुस्तीसाठी वेगळ्या पद्धतीने सुरू करून, ते तुम्ही स्वतः काढल्याशिवाय कुठलंही साधं अ‍ॅप तिथे पोचत नाही. कुलूप काढायला सांगणारं अ‍ॅप खुशाल नाकारा. बाकीची टास्कबार अ‍ॅप डॉकला हटवत नाहीत, फक्त लपवतात. कारण मिशन कंट्रोल (सगळ्या उघड्या विंडो एकदम दाखवणारी सोय) आणि कमांड-टॅब डॉकच्याच प्रोसेसवर चालतात. लपवण्याची सेटिंग बंद केली की डॉक पुन्हा जागेवर.

खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही. पडद्यावर पट्टीपुरती जागा राखायची सोय मॅकओएस, म्हणजे मॅकची सिस्टिम, बाहेरच्या अ‍ॅपला देत नाही. त्यामुळे मोठी केलेली विंडो पट्टीखाली जाते आणि शेवटची ओळ झाकली जाते. काही अ‍ॅप विंडो वर ढकलतात, पण ते नेहमी जमत नाही.

परवानगीबद्दल सावध राहाच. २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून दुसऱ्या अ‍ॅपच्या विंडोचं छोटं चित्र दाखवायलाही स्क्रीन रेकॉर्डिंगचीच परवानगी लागते, म्हणून ती मागितली जाते. अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपच्या विंडो हाताळू देणारी, परवानगीही तेवढीच मोठी आहे. अनोळखी अ‍ॅपला या दोन्ही देऊ नका. चाचणीच्या मुदतीत स्क्रीन रेकॉर्डिंग नाकारून बघा. चित्रं गेली तरी नावं दिसत राहिली, तरच पैसे भरा.