एका ओळीत सांगता येणारी कला

त्या पोस्टरवर रांगेत उभे असलेले लोक बेकार नव्हतेच. साल १९७८. ब्रिटनच्या हुजूर पक्षासाठी चार्ल्स साची आणि त्याच्या भावाच्या साची अँड साची या जाहिरात एजन्सीने केलेलं पोस्टर. रोजगार कचेरीच्या दारातून निघालेली नागमोडी रांग आणि वर ओळ, 'लेबर इज्न्ट वर्किंग', म्हणजे मजुरांना काम नाही आणि मजूर पक्षही कामाचा नाही. फोटोसाठी हुजूर पक्षाच्या तरुण शाखेचे शंभरेक कार्यकर्ते हवे होते, आले वीसेक. मग त्यांनाच जागा बदलून बदलून उभं केलं, फोटो जोडले आणि रांग लांबवली. पोस्टर लागलं मोजक्याच ठिकाणी. पण मजूर पक्षाचे अर्थमंत्री डेनिस हीली संसदेत त्यावर भडकले आणि ते पेपरांतून देशभर पोचलं, फुकटात. पुढच्या वर्षी थॅचरबाई निवडून आल्या.

(ओळ चार्ल्स साचीची नाही, एजन्सीतल्या अँड्र्यू रदरफर्डची. नाव मालकाचं होतं. मीही बरीच वर्षं जाहिरातींची कॉपी, म्हणजे मजकूर, लिहून पोट भरलंय, म्हणून हे कंसात का होईना नोंदवतो.)

चार्ल्स साचीचं आयुष्य सांगताना लोक त्याचे दोन तुकडे करतात. आधी जाहिरातवाला, मग कलासंग्राहक. आधी पैसा, मग रसिकता. मला हे अजिबात पटत नाही. तो जाहिरातीतून कलेकडे वळला नाही. तो जाहिरातच करत राहिला, फक्त क्लायंट उरला नाही.

चरित्राचा भाग पटकन उरकतो. १९४३ साली बगदादच्या ज्यू कुटुंबात जन्म, वडील कापडाचे व्यापारी. चार वर्षांचा असताना सगळे लंडनला आले. १९७० मध्ये धाकटा भाऊ मॉरिससोबत एजन्सी काढली, १९८६ पर्यंत ती जगातली सर्वात मोठी झाली. मग एक बँक विकत घ्यायला निघाले, तोंडावर आपटले. १९९४ च्या अखेरीस भागधारकांनी मॉरिसला बाहेर काढलं, भावांनी नवी एजन्सी थाटली. धंद्याच्या वर्गात हे सगळं शिकवतात, तिथे वाचा.

मला रस आहे तो खरेदीत. १९८५ मध्ये लंडनच्या बाउंड्री रोडवर, रंगाच्या एका जुन्या कारखान्यात त्याने गॅलरी उघडली. पहिल्या प्रदर्शनात डोनाल्ड जड, साय ट्वॉम्ब्ली, ब्राइस मार्डन, अँडी वॉरहॉल हे अमेरिकन कलावंत. वॉरहॉल सोडला तर सगळं शांत, अबोल काम. जडच्या पेट्यांचं फोनवर वर्णन करून बघा. 'धातूच्या पेट्या आहेत', यापुढे काही सुचणार नाही. या संग्रहावर पहिली पत्नी डॉरिस लॉकहार्टच्या नजरेची छाप होती असं म्हणतात आणि ते मला सहज पटतं. ते दोघे वेगळे झाल्यानंतर यातलं बरंच काम विकलं गेलं आणि साची लंडनच्या पोरसवदा कलावंतांकडे वळला.

इथून पुढची खरेदी बघा. फॉर्मॅलिनच्या टाकीत शार्क. स्वतःचंच रक्त गोठवून केलेलं स्वतःचं डोकं. गाईचं मुंडकं, त्यावर माश्या आणि माश्या मारायचं यंत्र. चुरगळलेल्या चादरी आणि रिकाम्या बाटल्यांसकट बाईचा पलंग. यातली कुठलीही गोष्ट न बघितलेल्या माणसाला एका वाक्यात सांगता येते आणि ऐकणारा म्हणतो, काय? खरंच? चांगल्या होर्डिंगची कसोटी हीच असते. मला नाही वाटत की साचीने मुद्दाम ही कसोटी लावली. पण वीस-पंचवीस वर्षं ज्याने हेडलाइन निवडल्या, त्याची नजर दुसरं काय निवडणार?

शार्कचंच घ्या. १९९१ मध्ये डेमियन हर्स्ट या तरुण ब्रिटिश कलावंताला पैसे देऊन साचीने तो करून घेतला. मासा नीट टिकवला गेला नव्हता, टाकीतलं पाणी गढूळ होऊ लागलं. शेवटी गॅलरीने कातडं सोलून फायबरग्लासच्या साच्यावर चढवलं. पुढे अमेरिकेतल्या स्टीव्ह कोहेन या गुंतवणूकदाराने कित्येक लाख डॉलर मोजून ते काम घेतलं, आणि २००६ मध्ये त्यात चक्क दुसरा शार्क घातला गेला. कलासमीक्षकांनी यावर मूळ आणि नक्कल वगैरे बरीच चर्चा केली. कॉपीरायटरला यात प्रश्नच दिसत नाही. शार्क बदलला, ओळ तीच आहे.

आणि पोस्टरवर भडकलेल्या हीलींचा धडाही तो विसरला नव्हता. १९९७ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याच्या संग्रहाचं 'सेन्सेशन' प्रदर्शन भरलं. ४२ कलावंत. मायरा हिंडली या बालहत्या करणाऱ्या बाईचं लहान मुलांच्या पंज्यांच्या ठशांतून केलेलं चित्र त्यात होतं. लोकांनी त्यावर शाई आणि अंडी फेकली. १९९९ मध्ये तेच प्रदर्शन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात गेलं, तेव्हा ख्रिस ओफिलीने हत्तीची लीद वापरून केलेल्या, येशूची आई मेरी हिच्या चित्रावरून महापौर जुलियानींनी संग्रहालयाचं अनुदान रोखायची धमकी दिली. प्रकरण कोर्टात गेलं, संग्रहालय जिंकलं. साचीने स्वतः या प्रदर्शनाला १ लाख ६० हजार डॉलर दिले होते, हेही त्याच भांडणात उघड झालं. म्हणजे संग्रह ज्याचा, पैसे त्याचे, आणि प्रचार विरोधकांचा.

आता माझ्या मतात एक मोठं भोक आहे, ते मीच दाखवतो. रिचर्ड विल्सनचं '२०:५०' हे मांडणीशिल्प साचीने घेतलं आणि वर्षानुवर्षं गॅलरीत ठेवलं. खोलीत कमरेपर्यंत वापरलेलं इंजिन ऑइल भरलेलं, मधून निमुळती होत जाणारी एक वाट. वाक्य झालं, पण हाती काही लागलं नाही. तेलात छत इतकं स्वच्छ उमटतं की तेल दिसतच नाही, फक्त वास येतो. ते फोनवर सांगता येत नाही, तिथे उभं राहावं लागतं. त्याने पॉला रेगोची चित्रंही घेतली, जेनी सॅव्हिलला तर कॉलेजातून बाहेर पडल्यापडल्या काम दिलं. त्याच्या गॅलरीतल्या २०१० च्या भारतीय कलेच्या प्रदर्शनात जितीश कल्लाटचं हाडांच्या आकाराच्या ४,४७९ अक्षरांनी लिहिलेलं गांधीजींचं दांडीयात्रेचं भाषण मांडलं होतं. ते बघताना वाचत वाचत भिंतीभिंतीने चालावं लागतं. तेव्हा त्याला डोळा नव्हता, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही.

त्याच्या विक्रीबद्दल मात्र माझं मन साफ नाही. सँड्रो किया या इटालियन चित्रकाराचं काम त्याने ऐंशीच्या दशकात एकदम विकून टाकलं आणि कियाचा भाव कोसळला, असा आरोप आहे. साचीचं म्हणणं, माझ्याकडे त्याची सातच चित्रं होती, ती मी त्याच्याच डीलरांना परत दिली आणि दिवसभरात ती खपलीसुद्धा. तेही खरं असेल. पण एकाच माणसाने घेतलं की भाव चढतो आणि सोडलं की पडतो, अशी वेळ आलीच कशी? मोठा क्लायंट सोडून गेला की एजन्सीचं काय होतं ते आम्ही बघितलंय. पण एजन्सीकडे दुसरे क्लायंट असतात, तिशीतल्या चित्रकाराकडे बहुधा नसतात.

यात साचीपेक्षा मला सार्वजनिक संग्रहालयांचा राग येतो. ट्रेसी एमिन या कलावंत बाईचा तो चुरगळलेल्या चादरींचा पलंग १९९९ मध्ये टर्नर या ब्रिटिश कलापुरस्काराच्या निमित्ताने टेट या लंडनच्या सार्वजनिक संग्रहालयातच मांडलेला होता. टेटने तो घेतला नाही. पुढच्या वर्षी साचीने दीड लाख पौंडांना घेतला. २०१० मध्ये त्याने दोनशेहून अधिक कामं देशाला देऊ केली, त्यात हा पलंगही होता. ते देणं काही प्रत्यक्षात आलं नाही. २०१४ मध्ये पलंग लिलावात २५ लाख पौंडांना गेला आणि नव्या मालकाने तो टेटला दाखवायला दिला. उसना.