भात सोडला आणि वरणही गेलं

मेसेज तुम्हालाही आला असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दिवाळीपासून चार वेळा आला, चारही वेळा आत्याकडून. थोडक्यात मजकूर असा: गहू आणि तांदूळ हे विष आहे. आपले पूर्वज ज्वारी-बाजरी खायचे म्हणून त्यांना मधुमेह नव्हता. भाकरी पोटभर खा, साखर वाढत नाही. साखरेऐवजी गूळ घ्या, लोहही मिळतं. भात खायचाच तर पेज काढून टाका, तिच्याबरोबर साखर निघून जाते. फळं बंद. आणि जमेल त्याने कार्ब्स पूर्णच सोडावेत, डायबेटिस 'मुळापासून' जातो. खाली जोडलेले हात, 'जनहितार्थ', आणि त्याखाली मिलेट कुकीज मागवण्यासाठी एक नंबर.

आत्या सोलापूरची, वय सदुसष्ट, गोळ्या बारा वर्षांपासून चालू. तिने मेसेज नुसता पुढे ढकलला नाही, पाळला. काही महिन्यांनी तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेसातवरून सव्वाआठवर गेलेली. म्हणून मेसेज तपासण्याचा हा उद्योग.

आधी पूर्वज. मधुमेह हा शब्दच आपल्याकडे चरक-सुश्रुतांपासून आहे. रोग नसता तर नाव कशाला ठेवलं असतं? चरकसंहितेत प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगांची) कारणं सांगणारा श्लोक 'आस्यासुखं स्वप्नसुखं' असा सुरू होतो. बसून राहण्याचं सुख आणि झोपेचं सुख. मग दही, दूध, नवं धान्य अशी यादी येते आणि तिच्यात 'गुडवैकृतं' आहे, म्हणजे गुळाचे पदार्थ. पूर्वजांची साक्ष काढायची तर पूर्ण काढावी. शिवाय पूर्वज नेमके कुणाचे? देशावर ज्वारी-बाजरी होती हे खरं, पण कोकणात, गोव्यात, तिकडे भंडारा-गोंदियात पिढ्यान्‌पिढ्या भातच शिजत आला. ही सगळी माणसं दिवसभर शेतात वाकलेली असायची आणि बाजाराला चालत जायची. ताटातलं धान्य तेवढं उचलून आपण सोफ्यावर आणलंय.

आता भाकरी, कारण आत्याची साखर तिथेच अडली होती.

ज्वारीवर माझा राग नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी समोर असली तर मला दुसरं काही लागत नाही. (त्या ज्वारीला 'जीआय' मिळालाय तो भौगोलिक मानांकनाचा, ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती वेगाने चढते त्या आकड्याचा, नव्हे. पिशवीवरची अक्षरं वाचून गल्लत करणारे मी पाहिलेत.) पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते उघडून पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं (मेसेजमधले 'कार्ब्स', पचून ज्यांची साखर होते ती) साधारण ६८ ग्रॅम, शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात ६४. चोथा (फायबर) ज्वारीत १० ग्रॅम, गव्हाच्या न चाळलेल्या पिठात ११. म्हणजे चक्कीवर दळून आणलेलं, कोंड्यासकटचं गव्हाचं पीठ ज्वारीच्या तोडीस तोड आहे. मागे पडतो तो पांढरा तांदूळ: कर्बोदकं ७८ आणि चोथा जेमतेम ३. गव्हाला विष म्हणणाऱ्याने पोळी आणि मैद्याचा पाव एकाच पिशवीत कोंबलेत. ज्यांना सिलिअ‍ॅक हा आजार किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्यांना गहू खरोखरच चालत नाही. बाकीच्यांनी त्याला घाबरायचं कारण नाही.

मी सोलापूरला गेले तेव्हा वजनकाटा घेऊन गेले. आत्या परातीत पीठ घेऊन आधणाचं पाणी ओतत होती. मी म्हटलं, "आत्या, थांब, एका भाकरीचं पीठ या वाटीत काढ." काट्यावर ऐंशी ग्रॅम. मग फुलक्याचं पीठ काढायला लावलं, ते पंचवीस. हिशेब तिथेच कॅलेंडरच्या मागे मांडला. पूर्वी ती एका जेवणाला तीन फुलके आणि वाटीभर भात खायची, भाताला चाळीस ग्रॅम तांदूळ. सगळी कर्बोदकं मिळून ऐंशीच्या आत. आता 'साखर वाढत नाही' म्हणून दोन भाकऱ्या, म्हणजे एकशे साठ ग्रॅम पीठ, म्हणजे कर्बोदकं एकशे आठ. धान्य बदललं आणि मोजमाप सुटलं.

तरी हा निम्माच घोटाळा. मी विचारलं, भाकरीबरोबर काय? "वांग्याची भाजी, नाहीतर ठेचा." आणि वरण? आत्या माझ्याकडे बघत राहिली. "अगं, भातच नाही तर वरण कशावर घेऊ?"

हे मला कुठल्याच तक्त्यात सापडलं नसतं. आपल्याकडे धान्य एकटं जात नाही, जोडीदाराला घेऊन जातं. भात गेला की वरण गेलं, कढी गेली, दहीभातातलं दही गेलं. या जोडीदारांमुळेच जेवण हळू पचतं आणि रक्तात साखर एकदम चढत नाही. नुसता भात आणि तुपासकट वरण-भात-उसळ यांत हा मोठा फरक आहे. २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे आहाराविषयीचे निष्कर्ष आले. आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. एकूण मात्रा तेवढीच ठेवून तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्य आणलं तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आणली तर दिसला. आत्याने नेमकं उलट केलं होतं.

गूळ. दहा ग्रॅमचा खडा घ्या. त्यातला बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरच, आणि रक्तात गेल्यावर ती आपण कुठून आलो हे सांगत बसत नाही. लोह? त्या खड्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाळी येण्याच्या वयातल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. गुळावर भागवायचं तर रोज अर्ध्या किलोहून जास्त गूळ खावा लागेल. आणि आत्या तो खाते कशात, तर चहात. चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही! गुळाची चव आवडते म्हणून खा, पोळीवर तुपाबरोबर खा, पण तो साखरेच्याच खात्यात मांडा. मधही त्याच खात्यात.

पेजेचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, अर्धवट आहे. जास्त पाण्यात भात शिजवून निथळला तर थोडं पिष्ट (स्टार्च) पाण्याबरोबर जातं. पण जाते ती साय, दूध पातेल्यातच राहतं. शिवाय पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वं त्याच पेजेत असतात. पॉलिश केलेल्या तांदळात ती मुळातच कमी. भात पचायला किती वेळ घेतो हे कुकर की पातेलं यापेक्षा तांदळाच्या जातीवर आणि तो किती घासलाय यावर जास्त अवलंबून असतं. चिकट भात लवकर पचतो, सुटा होणारा जरा सावकाश. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ टरफलासकट उकडून मग कांडतात. त्या उकडण्यात कोंड्यातलं ब१ दाण्यात मुरतं आणि त्यातलं पिष्टही थोडं घट्ट बसतं. तिकडे पेज फेकत नाहीत, मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर पितात. उकड्या भाताची चव पुणे-सोलापूरकडच्या जिभेला पटकन रुचत नाही, ही अडचण मान्य.

फळांवर फार वेळ घालवत नाही. मध्यम केळ्यात कर्बोदकं वीस-बावीस ग्रॅम, आत्याच्या भाकरीच्या निम्मीसुद्धा नाहीत. एक केळं, दोन फोडी पपई, एक पेरू यांनी आकाश कोसळत नाही. चार मोसंब्या पिळून एका घोटात संपवल्या तर गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे फळं बंद करायला सांगणारा हा मेसेज साबुदाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये ८७ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीत दाण्याचं कूट असतं म्हणून बरं. उपवासाला राजगिरा किंवा भगर त्यापेक्षा कितीतरी परवडली.

'कार्ब्स पूर्णच सोडा' हे वाक्य मात्र धोक्याचं आहे, आणि ते वाचणारे बहुतेक गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे असतात. काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस तुम्ही किती खाता हे धरून ठरलेला असतो. खाणं एकदम तोडलं आणि डोस तोच राहिला तर साखर धोक्याइतकी खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. कर्बोदकं कमी करण्याचा काहींना फायदा होतो, पण ते डॉक्टरांसमोर बसून, डोस बदलत करायचं काम आहे.

राहता राहिल्या त्या कुकीज. आत्याने दोन पाकिटं मागवलीच होती. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून मी पाकीट उलटं केलं: पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. नाचणी पाचवी. नाचणीत कॅल्शियम भरपूर हे खरं, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, पण त्यासाठी ती पाकिटात असायला हवी ना! घरचं नाचणी सत्त्वही तपासून घ्या. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलं असेल तर चोथा फडक्यातच राहिला.

आत्याचं आता असं ठरलंय: दुपारी एक भाकरी, तीही काट्यावर पन्नास ग्रॅम पिठाची, वाटीभर मुगाची नाहीतर मटकीची उसळ, भाजी, ताक. रात्री दोन फुलके, आणि अर्धी वाटी भात, कारण वरणाशिवाय तिला झोप येत नाही. गुळाच्या चहावरून अजून वाद चालू आहे. वजनकाटा तिने ठेवूनच घेतला. परवा होळीला फोन आला, "अगं, तुझ्या आतोबांची एक पुरणपोळी किती भरली माहितेय? एकशे चाळीस! आणि तीन खाल्ल्या."